तव्यामागचा टाकोवाला

मेक्सिकोत गल्लोगल्ली मिळणारा टाको आता जगभर पोहोचलाय. तो भाजणारा, कापणारा आणि गरमागरम हातात ठेवणारा माणूस मात्र अजून धुरामागेच आहे. आगीसमोर दिवसाचे दहा-दहा तास उभं राहून अख्ख्या मोहल्ल्याचं पोट भरणाऱ्या या बल्लवाची ही कहाणी...

मे २०२४. मेक्सिको सिटीतली सान राफाएल नावाची जुनी वस्ती. त्या वस्तीत 'एल कालिफा दे लेओन' नावाचं एक दुकान. दुकान कसलं, दहा फूट बाय दहा फुटांची खोली! आपल्या चाळीतल्या खोलीएवढी. आत बसायला खुर्ची नाही. गिऱ्हाईकाने प्लास्टिकची ताटली हातात घ्यायची आणि उभ्या उभ्याच खायचं. पदार्थ मोजून चार. चारही टाकोच. सोबतीला दोन चटण्या, एक लाल आणि एक हिरवी. १९६८ पासून हे दुकान असंच चाललंय.

त्या महिन्यात या खोलीचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीची खानपानाची मार्गदर्शिका प्रसिद्ध आहे. पहिली मार्गदर्शिका निघाली १९०० साली. तिच्या एका 'तारांकना'साठी युरोपातले मोठमोठे शेफ आयुष्य झिजवतात. तो तारा या दहा बाय दहाच्या खोलीला मिळाला! मेक्सिकोतल्या एखाद्या साध्या टाकोच्या दुकानाला असा मान पहिल्यांदाच मिळत होता.

पण खरी गंमत पुढेच आहे. मिशलिनच्या प्रतिनिधींनी इथले आचारी आर्तुरो रिव्हेरा मार्तिनेस यांना शेफचा मानाचा अंगरखा दिला. पांढराशुभ्र, जाड कापडाचा, पूर्ण बाह्यांचा. मार्तिनेस यांनी तो घेतला आणि बाजूला ठेवला. घातला नाही. कारण साधं होतं. ज्या पत्र्यावर ते मांसाचे पातळ काप भाजतात, तो तापलेला असतो सुमारे ३६० अंश सेल्सिअसला. आपल्या घरच्या ओव्हनचा काटा २५०वर थांबतो, यावरून कल्पना करा. त्या आगीसमोर तो अंगरखा घालून उभं राहणार कोण? काप पत्र्यावर टाकायचा, मीठ भुरभुरायचं, लिंबू पिळायचं, उलटायचा आणि गरम रोटीवर ठेवायचा. वीस वर्षं ते हेच करत होते. तारा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच करत राहिले.

तो न घातलेला अंगरखा म्हणजेच टाकोवाल्याचं आयुष्य. जग त्याच्या पदार्थाला मुजरा करतं, पण त्याच्या तव्यापाशी दोन मिनिटं उभं राहणं कुणाला झेपत नाही!

कडक नव्हे, मऊ!

आपल्याकडे टाको म्हटलं की पिवळं, कुरकुरीत, घोड्याच्या नालेसारखं वाकवलेलं कवच डोळ्यांपुढे येतं. ते आलं अमेरिकेतून. तिथल्या टाको बेल या कंपनीने भारतातलं पहिलं दुकान २०१० साली बंगळुरूत उघडलं. त्यानंतर सुपरमार्केटच्या फळीवर तसल्या कवचांची खोकीही दिसू लागली.

मेक्सिकोतल्या कोपऱ्यावरचा टाको मात्र मऊ असतो. तळहाताएवढी, पातळ, मक्याची रोटी. तिला म्हणतात तोर्तिया. तव्यावरून काढायची, वर भाजलेलं-शिजवलेलं काहीतरी ठेवायचं, कांदा-कोथिंबीर, चटणी, लिंबू. दुमडायची आणि खायची. ना काटा, ना चमचा. बांधावर बसून भाकरीवर ठेचा-पिठलं घेऊन खाणाऱ्या मराठी माणसाला यात परकं वाटावं असं काय आहे?

शाकाहारी वाचकांनीही लगेच नाक मुरडू नये. मेक्सिकोत मांसाचे प्रकार शेकडो, हे खरं. पण घेवड्याच्या दाण्यांचा, बटाट्याचा, परतलेल्या मिरचीच्या लांब पट्ट्यांचा, भोपळ्याच्या फुलांचा, इतकंच काय, काटे काढलेल्या निवडुंगाच्या फड्यांचाही टाको तिथे चवीने खाल्ला जातो. बटाट्याचे नि घेवड्याचे टाको टोपलीत रचून, कापडाने झाकून, सायकलच्या मागे बांधून विकणारेही आहेत. टोपलीतल्या वाफेने ते तासन् तास मऊ राहतात. आपला डबेवाला आठवावा असंच ते दृश्य!

टाको हे नाव आलं कुठून? इतिहासकार जेफ्री पिल्चर यांचा एक तर्क आहे. अठराव्या शतकात मेक्सिकोच्या चांदीच्या खाणींत खडक फोडायला कागदात दारू गुंडाळून त्याची गुंडाळी भोकात ठासत. त्या गुंडाळीला म्हणत टाको. खाणकामगारांच्या रोटीच्या गुंडाळीलाही पुढे तेच नाव पडलं असावं. म्हणजे हे खाणं मुळातच कष्टकऱ्याचं. घाईत खाण्याचं. एका हाताने खाण्याचं.

चुन्याची करामत

टाकोवाल्याला कुणी विचारलं की, 'तुझ्या टाकोत सर्वांत महत्त्वाचं काय?' तर तो मांसाकडे नाही, तोर्तियाकडे बोट दाखवील. तोर्तिया फाटली की टाको संपला. आणि तोर्तिया फाटू नये, याचं गुपित आहे चुन्यात! पानाला लावतो त्याच जातीच्या चुन्यात.

मक्याचे वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे. रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी चोळून धुतले की दाण्यांची सालं सुटतात. मग ते ओले दाणे वाटून गोळा करायचा. अशा चुन्यात शिजवलेल्या मक्याला नाव आहे निश्तमाल. हजारो वर्षांपूर्वीपासून चालत आलेली ही युक्ती. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो. म्हणूनच त्याची पातळ रोटी दुमडली तरी तुटत नाही. आपल्या गिरणीतून आणलेल्या कोरड्या मक्याच्या पिठाची भाकरी कडेला का चिरते आणि तिला उकळतं पाणी का घालावं लागतं, ते गृहिणींच्या आता लक्षात येईल.

पण ही करामत नुसत्या चवीची नाही, जिवाशी गाठ असलेली आहे. मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व एरवी बांधलेलं असतं, शरीराला मिळत नाही. चुन्यामुळे ते सुटं होतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण चुन्याची युक्ती नेली नाही. परिणाम? स्पेन आणि उत्तर इटलीतल्या, केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा भयंकर रोग पसरला. कातडी सोलवटणं, जुलाब, डोक्यावर परिणाम आणि शेवटी मृत्यू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने थैमान घातलं. हा रोग जंतूंमुळे नव्हे, आहारामुळे होतो, हे १९१४ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवायला सुरुवात केली. नेमकं कमी काय पडतं, ते १९३७ साली कॉनरॅड एल्वेहेम यांच्या संशोधनातून कळलं. शास्त्रज्ञांना जे कळायला दोनशे वर्षं लागली, ते मेक्सिकोतल्या आयाबायांच्या हाताला ठाऊक होतं.

हे ज्ञान बायकांनी जपलं ते कंबर मोडून. गुडघ्यांवर बसून, दगडी पाट्यावर वरवंट्याने ओला मका वाटायचा. घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढा. रोज चार-पाच तास! पहाटे जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांची ही सख्खी बहीणच. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत गावोगावी निश्तमालच्या गिरण्या आल्या, तेव्हा काही नवरोजींनी नाकं मुरडली. 'हातच्या वाटणाची चव गिरणीला नाही!' चव त्यांना हवी होती, हात मात्र बायकोचे. गिरणीसमोरच्या रांगा वाढतच गेल्या. १९४९ साली तर निश्तमालचं कोरडं तयार पीठ बनवणारा कारखानाही निघाला. आज बहुतेक टाकोवाले तोर्तिया शेजारच्या तोर्तियाच्या दुकानातून आणतात, किंवा तयार पीठ भिजवतात. पण चांगल्या दुकानात एक माणूस, बहुतेकदा एखादी बाई, पिठाच्या गोळ्या दाबून जागच्या जागी तोर्तिया भाजत असते. मार्तिनेस यांच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीतही तोर्तिया समोरच भाजली जाते.

भोवरा फिरतो तेव्हा...

टाकोवाल्याचं काम दिसतं रात्री, पण सुरू होतं सकाळी.

'अल पास्तोर' हा मेक्सिको सिटीतला सर्वांत लोकप्रिय टाको. अर्थ 'मेंढपाळाच्या पद्धतीचा'. त्यासाठी डुकराचं मांस लागतं. ते पातळ, लांबरुंद कापायचं. वाळक्या मिरच्या भिजवून, त्यात लसूण, जिरं, व्हिनेगर आणि शेंदरीच्या बियांचं वाटण करायचं. आपल्याकडेही परसात दिसणारं, लाल रंग देणारं हे झाड मूळचं तिकडचंच. या वाटणात काप मुरवायचे आणि मग एकेक काप उभ्या सळईत ओवायचा. खाली निमुळतं, मध्ये रुंद, वर पुन्हा कमी. सळईवरचा हा ढीग भोवऱ्यासारखा दिसतो, म्हणून त्याचं नावच त्रोम्पो, म्हणजे भोवरा. मोठ्या दुकानात त्याचं वजन कित्येक डझन किलो भरतं. एक काप तिरका बसला तर भोवरा एका अंगाला झुकतो, एक बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते. माथ्यावर बसवतात सोललेला अननस!

शोर्मा आठवला ना? बरोबर. हा भोवरा लेबनॉनहून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तुर्की साम्राज्यातून बाहेर पडलेले अनेक लेबनीज मेक्सिकोत जाऊन स्थिरावले. १९३०च्या दशकात पुएब्ला शहरात त्यांचे 'अरबी टाको' विकले जाऊ लागले. पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, अरबी मसाल्याच्या जागी मिरची आली आणि १९६०च्या दशकापर्यंत मेक्सिको सिटीत 'अल पास्तोर' रुळला. योगायोग पाहा. त्याच दशकात अमरजित टिब हे भारतीय गृहस्थ बैरूतमध्ये थांबले असता त्यांनी तिथली भरलेली रोटी खाल्ली आणि मुंबईत परतून तिचा देशी अवतार काढला. क्रिकेटपटू फ्रँक वॉरेल यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं फ्रँकी! म्हणजे मुंबईची फ्रँकी आणि मेक्सिकोचा अल पास्तोर ही एकाच आजोळची मावसभावंडं म्हणायची.

भोवरा आगीसमोर फिरू लागला की टाकोवाल्याची खरी परीक्षा. बाहेरचा पापुद्रा खरपूस झाला की तेवढाच, लांब सुऱ्याने, वरून खाली तासायचा. घाई केली तर कच्चं, उशीर केला तर चामडं. गर्दी वाढली की आग मोठी करण्याचा मोह होतो. मुरलेला टाकोवाला तो टाळतो. तासलेलं मांस कमी भाजलंय अशी शंका आली, तर ते सपाट तव्यावर पुन्हा एकदा परततो. मग सुऱ्याच्या टोकाने माथ्यावरच्या अननसाची एक चकती उडवायची आणि दुसऱ्या हातातल्या टाकोवर अलगद झेलायची. पर्यटक टाळ्या वाजवतात. पण ही नुसती कसरत नसते. अननसाची आंबटगोड चव मांसाचा तुपटपणा मारते.

हे झालं चारचौघांना दिसणारं काम. न दिसणारं त्याहून मोठं. किलोवारी कांदा बारीक चिरायचा. कोथिंबिरीच्या जुड्याच्या जुड्या निवडायच्या, धुवायच्या, कापायच्या. लिंबं चिरायची. मिरच्या आणि टोमॅटो तव्यावर काळे होईपर्यंत भाजून लाल चटणी वाटायची. कागदी पापुद्र्यात गुंडाळलेल्या हिरव्या टोमॅटिलोंची हिरवी चटणी करायची. घरात मिरच्या भाजल्या की आपण खिडक्या उघडतो, शिंका देतो, पदर नाकाला लावतो. इथे तो ठसका रोजचाच. त्यात बोटाला कापलेलं असलं आणि त्यावर मिरची-लिंबाचा रस गेला, तर काय होतं, हे स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

त्या ताटलीकडे जरा नीट पाहिलं तर आणखी एक मौज दिसते. मका, मिरची, टोमॅटो तिकडचे. ते जहाजांतून आपल्याकडे आले. मिरची तर पोर्तुगीजांनी आणली आणि गोव्यापासून कोल्हापूरपर्यंत आपलीच होऊन बसली. उलट कांदा, कोथिंबीर, लिंबू, डुक्कर, गाय हे सगळं इकडच्या जुन्या जगातून स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं. आपण मिरचीशिवाय जेवत नाही, ते कोथिंबिरीशिवाय. कोण कुणाचं ऋण फेडतोय, सांगणं कठीण!

'किती झाले?'

रात्री आठनंतर दुकानासमोर गर्दी उसळते. कचेरीतून परतणारे, सिनेमा सुटलेले, रिक्षा-टॅक्सीवाले, पोरांना घेऊन आलेली कुटुंबं. टाकोवाल्याचे दोन्ही हात कामात आणि कान गर्दीत. 'तीन पास्तोर, कोन तोदो!' कोन तोदो म्हणजे सगळं घालून, कांदा आणि कोथिंबिरीसकट. 'दोन, कांदा नको.' 'चार, कोन कोपिया.' कोपिया म्हणजे नक्कल, प्रत. एका टाकोला दोन तोर्तिया द्यायच्या, म्हणजे खालची आधार देते. भुकेलेला माणूस सांडलेलं गोळा करून त्या दुसरीचा आणखी एक टाको करून खातो. कागद नाही, पेन्सिल नाही. दहा माणसांच्या मागण्या डोक्यात आणि चूक झाली तर ऐकून घ्यायला दहा तोंडं.

गाडीवर नळ नसतो, म्हणून कित्येक ठिकाणी ताटलीवर प्लास्टिकची पिशवी चढवतात. एक गिऱ्हाईक गेलं की पिशवी बदलली. पैसे शेवटी. आणि शेवटी टाकोवाला विचारतो, 'किती झाले?' गिऱ्हाईक सांगतं, 'पाच.' तो पाचाचे पैसे घेतो. अनेक जुन्या गाड्यांवर हिशेब असा गिऱ्हाईकाच्या जिभेवर चालतो. एवढ्या गर्दीत कोण खोटं बोललं, कसं कळणार? पण टाकोवाल्याला गल्लीतला प्रत्येक चेहरा ठाऊक असतो आणि गिऱ्हाईकाला उद्या पुन्हा यायचं असतं. वस्तीतल्या दुकानाचं भांडवल म्हणतात ते हेच.

या धंद्याची शाळा नाही. पोरगा येतो तो भांडी घासायला. मग कांदा. मग तोर्तिया. सुरा हातात यायला वर्षं जातात. नेमणुकीचं पत्र नाही, आजारपणाची रजा नाही, म्हातारपणची सोय नाही. मेक्सिकोतले निम्म्याहून अधिक कामगार अशाच असंघटित कामांत आहेत. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. वारशाला मान्यता मिळाली. वारस मात्र पहाटे दोन वाजता तवा खरवडत, दुखऱ्या पोटऱ्या चोळत उभा असतो.

सीमेपलीकडचा तवा

हाच टाकोवाला सीमा ओलांडून अमेरिकेत गेला, तेव्हा काय झालं?

कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्दिनो गावात १९३७ साली लुसिया रोद्रिगेस यांनी 'मित्ला कॅफे' नावाची खानावळ काढली. तिथला तळलेला टाको पंचक्रोशीत प्रसिद्ध झाला. मेक्सिकन वंशाच्या लोकांना त्या गावात तेव्हा सार्वजनिक पोहण्याच्या तलावातही मोकळा प्रवेश नव्हता. त्याविरुद्ध लढणाऱ्यांच्या बैठका याच खानावळीत होत. १९४४ साली कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. रस्त्याच्या पलीकडे ग्लेन बेल नावाच्या तरुणाचा हॉटडॉगचा गाळा होता. तो मित्लात येऊन टाको खाई. ते कसे करतात, हे त्याने तिथल्याच माणसांकडून शिकून घेतलं, असं गुस्तावो आरेयानो यांनी २०१२ साली आपल्या पुस्तकात नोंदवलंय. १९६२ साली बेल यांनी 'टाको बेल' काढली आणि १९७८ साली ती पेप्सिकोला विकली. मित्ला कॅफे मात्र आपल्या जागी, आपल्या वस्तीला जेवू घालत राहिली.

याच कॅलिफोर्नियात आपलीही माणसं होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गेलेल्या पंजाबी शेतकऱ्यांना कायद्यामुळे मायदेशातून बायका आणता येत नव्हत्या. अनेकांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. त्या घरांत एकाच तव्यावर रोटी आणि तोर्तिया भाजली गेली, नि युबा सिटीतल्या एका हॉटेलात तर रोटीत चीज भरलेला 'रोटी-केसादिया' मिळू लागला.

आज अमेरिकेतल्या कोणत्याही शहरात साधं, वस्तीतलं टाकोचं दुकान सापडतं. समोर रंगीत पताका, आत भट्टी. तव्यावर एक, तळणीवर एक, चिरायला एक. फडताळावर येणाऱ्या मागणीच्या चिठ्ठ्यांची माळ संपत नाही. तिथे नियम अधिक कडक. गरम अन्न सत्तावन्न अंशांच्या खाली जाता कामा नये, थंड अन्न पाचच्या वर. तपासनीस कधीही येऊ शकतो. पण पगाराचं काय? अमेरिकेचा केंद्रीय किमान वेतनदर जुलै २००९ मध्ये ताशी सव्वासात डॉलर ठरला आणि पुढची पंधरा वर्षं तिथेच थिजून राहिला. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२४ मध्ये झटपट खाद्यगृहांतल्या कामगारांसाठी ताशी वीस डॉलर ठरवले तेव्हा मोठा जल्लोष झाला. पण तो दर देशभरात साठ किंवा अधिक शाखा असणाऱ्या साखळ्यांनाच लागू. कोपऱ्यावरच्या एकट्या दुकानातल्या बल्लवाला नाही! त्याच्या वाट्याला राज्याचा साधा किमान दर, २०२५ साली साडेसोळा डॉलर. गिऱ्हाईक खूश होऊन बक्षिसी ठेवतं ती टेबलावर. भट्टीपर्यंत ती पोहोचेलच, याची खात्री नाही.

मग आला २०२०चा करोना. सगळे घरात बसले, पण पार्सलं थांबली नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान फ्रान्सिस्को शाखेतल्या संशोधकांनी त्या राज्यातल्या कामकरी वयाच्या मृतांच्या नोंदी व्यवसायानुसार तपासल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष सुन्न करणारा होता. साथीच्या त्या महिन्यांत मृत्यूची जोखीम सर्वाधिक वाढलेल्यांत पहिला क्रमांक स्वयंपाक्यांचा होता. एरवीपेक्षा साठ टक्के अधिक! शेतमजूर, बांधकाम मजूर हेही त्यांच्या मागे होते. का? अरुंद, कोंदट खोलीत खांद्याला खांदा लावून काम. आजारी पडलं तरी सुट्टी परवडत नाही. घरी गेलं तर तिथेही एका खोलीत पाच-सहा जण. 'घरून काम' हा शब्द तव्यासमोरच्या माणसासाठी नव्हताच.

ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत त्यांची कथा आणखी वेगळी. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात स्थलांतर खात्याच्या धाडी पडल्या, तेव्हा कित्येक टाकोच्या गाड्या रातोरात रस्त्यावरून नाहीशा झाल्या. नेहमीच्या कोपऱ्यावर गिऱ्हाईकं आली आणि रिकामी जागा पाहून परतली. रोज ज्याच्या हातचं खाल्लं, त्याचं आडनावसुद्धा आपल्याला ठाऊक नव्हतं, हे कित्येकांना तेव्हा उमगलं असेल.

तरीही हा माणूस हरत नाही. १९७४ साली लॉस एंजेलिसमध्ये एका स्थलांतरिताने आइस्क्रीमच्या जुन्या गाडीत टाको विकायला सुरुवात केली. त्या गाडीतून 'किंग टाको' ही मोठी साखळी उभी राहिली. फेरीवाल्यांच्या लढ्याने २०१८ साली कॅलिफोर्नियात कायदा झाला आणि २०१९ पासून रस्त्यावर अन्न विकणं हा तिथे गुन्हा राहिला नाही. आजही कांदा चिरणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोळ्यांत स्वप्न असतं ते स्वतःच्या गाडीचं. दुसऱ्याच्या तव्यावरून आपल्या तव्यावर जायचं.

आपल्या कोपऱ्यावरही

हे सारं वाचताना तुम्हाला मेक्सिकोचं नव्हे, तुमच्याच नाक्यावरचं कुणीतरी आठवलं असेल. भर दुपारी कढईसमोर उभा राहून वडे तळणारा. पावाला चटणी लावता लावता 'तिखट कमी ना, ताई?' असं न सांगता ओळखणारा. झुणका-भाकर केंद्रावर भाकऱ्या थापणाऱ्या मावशी. पदार्थांचे फोटो आपण काढतो, चवीचे वाद घालतो, अमुक ठिकाणचाच बरा म्हणून गावभर सांगतो. पण तो करणाऱ्याचं नाव? तो जेवतो कधी? त्याच्या पायांचं काय होतं? हे विचारायचं आपल्या मनात येत नाही.

मार्तिनेस यांच्या दुकानासमोर त्या ताऱ्यानंतर रांगा लागल्या. दूरदेशीची माणसं येऊन उभी राहू लागली. आत फारसं काही बदललं नाही. तीच दहा बाय दहाची खोली, तोच तापलेला पत्रा, त्याच दोन चटण्या. मिशलिनचा पांढरा अंगरखा सुंदर असेलही. पण तो शिवताना, घालणारा कुठे उभा असतो, याचा विचार कुणी केला नव्हता.

आपण निदान तेवढा करू या. आज संध्याकाळी नाक्यावर काही गरमागरम खाल, तेव्हा पैसे देताना तव्यामागे एकदा बघा. घाम पुसायलाही हात मोकळा नसलेला एक माणूस तिथे असेल. त्याला नाव विचारा. आणि 'किती झाले?' असं त्याने विचारलं, तर खरा आकडा सांगा!